तीन मिलिवॅटचा ताळेबंद

भोसरीतल्या एका गाळ्यात, तापलेल्या पत्र्याखाली, मिस्त्रीने पितळेचा बुश लेथच्या चकमधून सोडवला. अंगठ्याने कड चाचपली, भोकातून उजेडाकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब, याच्यावर लोड किती येणार?"

"काहीच नाही."

"आरपीएम?"

"शंभर. झाले तर."

"आणि चालणार कशावर?"

"चहाच्या कपावर."

पुढे तो काही बोलला नाही. पैसे मात्र लगेच मागून घेतले.

मी बँकेतून निवृत्त झालो त्याला चार वर्षं झाली. उभ्या नोकरीत माझा यंत्राशी संबंध आला तो नोटा मोजण्यापुरता. हे खूळ डोक्यात शिरलं मुंबईच्या चोरबाजारात. एका दुकानात कोपऱ्यात पितळी पात्यांचा टेबलफॅन होता. त्याला वायर नव्हती, खाली रॉकेलचा दिवा होता. दुकानदार त्याला घासलेटचा पंखा म्हणाला. वीज पोहोचली नव्हती त्या काळात हिंदुस्थानातल्या बंगल्यांमधून, डाकबंगल्यांमधून असे पंखे फिरत. खाली ज्योत, वर वारा, आणि मध्ये ना बॉयलर, ना वाफ. किंमत ऐकून मी पंखा होता तिथेच ठेवला, पण मधे काय आहे हा प्रश्न घेऊन परतीच्या गाडीत बसलो.

मधे असतं स्टर्लिंग इंजिन. त्याची गोष्ट दोन वाक्यांत सांगून होते. बांधायला मला आठ महिने लागले. बंद डब्यातली हवा तापली की फुगते, निवली की आकसते. त्या फुगण्या-आकसण्यावर एक दट्ट्या पुढे-मागे होतो आणि चाक फिरवतो. दिवाळीतल्या फिरत्या आकाशकंदिलातही गरम हवाच काम करते, पण ती वरून निघून जाते आणि खालून नवी येते. इथे हवा तीच, जन्मभर कोंडलेली. अडचण एकच: डबा चुलीवरून न उचलता त्यातली हवा मिनिटाला शंभर वेळा तापवायची आणि शंभर वेळा निववायची कशी?

उत्तर फार सुंदर आहे. डब्याचा तळ कायम गरम ठेवायचा, झाकण कायम गार. आत डब्यापेक्षा किंचित लहान, हलकी चकती वर-खाली हलती ठेवायची. चकती खाली गेली की तळाची हवा कडेच्या फटीतून वर सरकते आणि झाकणाला लागून निवते. चकती वर गेली की हवा खाली येते, तापते. चकती स्वतः काहीच ढकलत नाही, फक्त हवेची जागा बदलते. पुस्तकात तिला डिस्प्लेसर म्हणतात. आमच्याकडे थर्माकोलची पहिली चकती कापून झाली तेव्हा बायकोने तिला भाकरी म्हटलं, आणि नंतर मिस्त्रीपर्यंत सगळे भाकरीच म्हणू लागले. मीही इथे तेच म्हणतो.

भाकरी आणि दट्ट्या एकाच क्रँकवर, पण पाव फेऱ्याच्या अंतराने. भाकरी पुढे, दट्ट्या मागे. हवा आधी गरम बाजूला जाते, मग दाब वाढतो, मग दट्ट्या उचलला जातो. हे पाव फेऱ्याचं अंतर चुकलं तर यंत्र नुसतं कण्हतं.

या यंत्राचा मूळ कर्ता इंजिनिअर नव्हता, पाद्री होता. रॉबर्ट स्टर्लिंग, जन्म १७९०, स्कॉटलंडच्या पर्थशायरमधल्या शेतकरी घराण्यातला. आजोबांनी मळणीयंत्र बनवलं होतं, त्यामुळे हात काळे करायची सवय घरातच होती. १८१६ च्या सप्टेंबरात किल्मार्नॉकच्या चर्चमध्ये त्याला दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात त्याने पेटंटचा अर्जही केला. दोन वर्षांनी, म्हणजे इकडे पेशवाई बुडाली त्या १८१८ साली, त्याचं इंजिन एअरशायरमधल्या एका दगडखाणीतलं पाणी उपसत होतं. बॉयलर फुटून मजूर मरताना पाहून त्याला कळवळा आला आणि त्यातून हे यंत्र निघालं, अशी कथा पुष्कळ ठिकाणी सांगतात. कथा चांगली आहे. पण पेटंटच्या शीर्षकात पहिला मान इंधनाच्या बचतीला आहे, इंजिन नंतर येतं. हवा गरम बाजूकडून गार बाजूकडे जाताना वाटेतल्या धातूच्या जाळीत आपली उष्णता ठेवून जाते आणि परतताना ती पुन्हा उचलते. या जाळीला त्याने नाव दिलं 'इकॉनॉमायझर'. काटकसऱ्या. आज तिला रीजनरेटर म्हणतात. मला स्टर्लिंगचंच नाव आवडतं. बँकेतल्या माणसाला ते लगेच कळतं: जाताना ठेव, येताना काढ.

पुढे धाकटा भाऊ जेम्स, जो खरा इंजिनिअर होता, त्याच्या साथीने १८४३ मध्ये डंडीच्या एका ओतशाळेतलं वाफेचं इंजिन बदलून हवेचं केलं. ते चाललंही. पण गरम टोकाचं बीड सततच्या आगीला पुरेना, सिलिंडर पुन्हा पुन्हा निकामी होऊ लागला आणि १८४७ मध्ये मालकांनी परत वाफ आणली. स्टर्लिंग १८७८ पर्यंत जगला, गॅल्स्टनच्या चर्चमध्ये प्रवचनं देत. त्याची दोन मुलं नामांकित इंजिनिअर झाली, पण वाफेच्या रेल्वे इंजिनांची! थोरला पॅट्रिक तर आठ फुटी चाकांच्या आगगाडीच्या इंजिनामुळे आजही ब्रिटिश रेल्वेवेड्यांचं दैवत आहे. जेवणाच्या टेबलावर बापलेक या विषयावर काय बोलत असतील, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

स्टर्लिंगची आयुष्यभराची झटापट आगीशी होती. जितकं जास्त तापवाल तितकं जास्त काम, म्हणून धातू लाल होईपर्यंत तापवायचा. दीडशे वर्षं सगळे त्याच दिशेने गेले. उलट दिशेने प्रश्न विचारला झाग्रेब विद्यापीठाच्या ईवो कोलीन या प्राध्यापकाने: कमीत कमी किती फरकावर हे चालेल? १९८३ मध्ये दुब्रोवनिक इथे त्याने जमलेल्या तज्ज्ञांसमोर एक चौकोनी डबा मांडला. साध्या हत्यारांनी केलेला, दट्ट्याच्या जागी रबरी पडदा. एका बाजूला गरम पाणी, दुसऱ्या बाजूला गार. पाणी निवत गेलं तरी यंत्र चालूच राहिलं, फरक वीसेक अंशांवर आला तोपर्यंत. पाहणाऱ्यांत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक जेम्स सेन्फ्ट होते. त्यांनी घरी जाऊन हेच वेड घेतलं आणि १९९० च्या सुमारास अर्ध्या अंशाच्या फरकावर फिरणारं इंजिन केलं. अर्धा अंश! आपल्याला ताप आहे की नाही हे ठरवायला एवढा फरक लागतो.

मी अर्थातच सेन्फ्टच्या वाटेला गेलो नाही. मला चहा पुरे होता.

साहित्य सांगतो, कारण वाचकांपैकी कुणी ना कुणी करून बघणारच. तळ आणि झाकण म्हणून दोन मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या दोन गोल चकत्या, व्यास बारा सेंटिमीटरच्या थोडा वर. मधे अॅक्रिलिकच्या नळीचा दोन सेंटिमीटर उंचीचा काप, म्हणजे आतलं दिसतंही. आत आठ मिलिमीटर जाडीची भाकरी. गतिचक्राला जुनी सीडी, तिच्या मधे छोटं बेअरिंग. क्रँक स्टीलच्या तारेचा. आणि दट्ट्या? इथे मामा कामी आले.

माझे मामा कराडजवळच्या एका गावात डॉक्टर होते. स्टीलच्या चपट्या डबीत पाण्यात उकळलेली काचेची सिरिंज चिमट्याने उचलताना त्यांना मी लहानपणी हजारदा पाहिलंय, बहुतेक वेळा भीतीने. ते गेल्यावर मामींनी डबी मला दिली होती. दहा मिलिची सिरिंज, आतला व्यास सोळा मिलिमीटर. नळीवर एक आकडा कोरलेला आणि आतल्या दट्ट्यावर तोच आकडा. ही जोडी एकमेकांतच घासून बसवलेली असते. या नळीला दुसऱ्या सिरिंजचा दट्ट्या चालत नाही, म्हणून आकडा. नळी उभी धरली की दट्ट्या स्वतःच्या वजनाने सावकाश उतरतो. टोकावर बोट ठेवलं की जागच्या जागी थबकतो. बोट काढलं की पुन्हा उतरू लागतो. रबर नाही, तेल नाही, आणि हवा मात्र जात नाही. ज्या कारागिराने हे घासलं असेल त्याला माझा नमस्कार.

आणि त्या नमस्कारानंतर मी पहिली माती खाल्ली. दट्ट्या आणखी सुळसुळीत व्हावा म्हणून त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. काचेला काच तेलाने अशी चिकटली की सीडी बोटाने फिरवली तरी अर्ध्यात थांबे. या यंत्राला वंगण हे विष आहे. पेट्रोलने धुऊन, पुसून, कोरडं केल्यावर पूर्वीचा दट्ट्या परत मिळाला. तेव्हाच बेअरिंगमधलं ग्रीसही धुऊन टाकलं. धुण्यापूर्वी सीडीला टिचकी मारली तर ती चार-पाच फेऱ्यांत थांबायची, धुतल्यावर मिनिटभर फिरत राहिली.

आता हिशेब. दट्ट्याचा फेर किती ठेवायचा? कोलीनने यासाठी एक ठोकताळा दिला आहे: तापमानाच्या फरकाला ११०० ने भागा, येईल तेवढाच भाग हवेने फुगावा. माझ्या डब्यात भाकरी वगळून दीडशे घन सेंटिमीटर हवा. चहा ८५ अंशांचा, खोली ३० ची, म्हणजे फरक ५५. पण तारणाची किंमत कधीही पूर्ण धरायची नाही ही बँकेची शिकवण, म्हणून मी फक्त १५ धरला. १५ भागिले ११००, गुणिले दीडशे: सुमारे दोन घन सेंटिमीटर. सोळा मिलिमीटरच्या दट्ट्याला एक सेंटिमीटरची धाव. आकडे इतके सरळ आले की मी खूश झालो.

यंत्राने ढिम्म हलायचं नाकारलं.

पहिल्यांदा वाटलं, गळती. साबणाचं पाणी लावलं तर भाकरीचा आरा जिथून झाकणातून बाहेर येतो तिथे बुडबुडे. आरा म्हणजे अक्षरशः सायकलचा आरा, दोन मिलिमीटरचा. भोक मी घरच्या ड्रिलने पाडलेलं. भोसरीचा मिस्त्री हे बघून हसला. "आऱ्याचा काय भरवसा साहेब, तो गोल तरी आहे का? सिल्व्हर स्टीलचा रॉड घ्या, मी पितळेचा लांब बुश काढून देतो." फटीच्या बाबतीत निसर्ग सावकारापेक्षा कडक आहे. अशा अरुंद फटीतून जाणारी हवा फटीच्या रुंदीच्या घनाने वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. पण फट फार कमी केली तर रॉड अडकतो. मिस्त्रीने एकेक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, घेत, मधे मधे रॉड घालून बघत, तो स्वतःच्या वजनाने सरकेल इतपतच भोक मोठं केलं. तोच तो सुरुवातीचा बुश.

तरीही नाही. या वेळी मी पातेल्यात पाणी उकळत ठेवून वरच यंत्र बसवलं, अधीरपणा दुसरं काय. दहा मिनिटांत भाकरी पापडासारखी वाकडी झाली. थर्माकोल उकळत्या पाण्याच्या आसपास मऊ पडतो, हे मला माहीत असायला हवं होतं. दुसरी भाकरी केली आणि यापुढे तिला कपावरच ठेवायचं, आचेवर नाही, असं ठरवलं.

मग तापमान मोजायला घेतलं. इन्फ्रारेड थर्मामीटर झाकणावर रोखला, ३२ अंश. उत्तम, झाकण गार आहे. बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चकचकीत अॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फारशी बाहेर फेकत नाही, आणि तो थर्मामीटर धातूऐवजी त्यात पडलेलं खोलीचं प्रतिबिंब वाचत होता. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्याच्यावर रोखला, ५८. चहा तोवर ८० वर आलेला. मी पंचावन्न अंशांचं तारण समजत होतो, हातात बावीस होते.

उरलेले गेले कुठे? संध्याकाळी कॅश जुळत नसली की एकेक व्हाउचर उलटत बसायचं, तसा बसलो. तळ आणि झाकण घट्ट आवळायला मी सहा लोखंडी बोल्ट वापरले होते, चार मिलिमीटरचे. एका बोल्टमधून दर अंशाला किती उष्णता जाते हे शाळेतल्या सूत्रात बसतं. सहा बोल्टची बेरीज केली तर पन्नास अंशांच्या फरकाला नऊ वॅटच्या वर. आणि आतल्या हवेच्या थरातून जाणारी? पाऊण वॅटसुद्धा नाही. मग माझं इंजिन किती काम करणार होतं तेही काढलं. दाबातला चढउतार, दट्ट्याची धाव, सेकंदाला दीड फेरा: तीन ते चार मिलिवॅट. म्हणजे एका वॅटच्या हजार भागांतले तीन भाग मिळवायला मी नऊ वॅट दारातून बाहेर ओतत होतो, तेही दार घट्ट लावण्याच्या नावाखाली.

इतक्या वर्षांत इतका लाजिरवाणा ताळेबंद मी पाहिला नव्हता. आणि पाहिल्यावर मला या यंत्राचं खरं रूप कळलं. मोठ्या इंजिनात ताकद इतकी असते की दहा ठिकाणी गळलं तरी चाक फिरतं. खडकीला बनलेलं किर्लोस्करचं इंजिन विहिरीवर धडधडताना त्याचा अर्धाअधिक डिझेलचा पैसा धुरात आणि पाण्यात जातो, शेतकऱ्याला पाणी मिळतं आणि तो खूश असतो. इथे शिलकीला काहीच नाही. चहाच्या कपाकडून, १८२४ मध्ये सादी कार्नोने घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे, शंभरातले जास्तीत जास्त पंधरा मागता येतात. माझ्यासारख्याच्या हातात अर्धासुद्धा पडत नाही. त्यामुळे अशा इंजिनात मिळकत वाढवायचा मार्गच नसतो. फक्त खर्च बंद करत जायचं. एकेक करून, घासण्याचा, गळतीचा, उष्णतेचा.

बोहरी आळीत नायलॉनचे बोल्ट मिळाले. "टिकणार नाहीत," दुकानदार म्हणाला. त्याचं बरोबर आहे, पण माझ्या बोल्टना काही पेलायचं नव्हतं.

जानेवारीतली सकाळ, स्वयंपाकघरात सोळा अंश. कप भरला, वर यंत्र ठेवलं. तळाखाली वाफेचे थेंब जमले. वाफ पाणी होताना तळाला उष्णता देऊन जाते, हा चहाचा एक गुप्त फायदा. दोन मिनिटं वाट पाहून सीडीला हलकीच टिचकी दिली. ती एक फेरा गेली, दुसऱ्याला रेंगाळली, आणि मग रेंगाळायची थांबली. आवाज नाही. फक्त भाकरी टेकताना होणारी अगदी बारीक टप... टप. मी बायकोला हाक मारली. ती आली, बघत राहिली, मग म्हणाली, "थांबेल ना आता?" थांबलं नाही. एकवीस मिनिटं चाललं. झाकणावर ओला रुमाल टाकला तेव्हा तर वेग वाढलेला डोळ्याला दिसला. माठाचंच तंत्र, पाणी उडतं आणि झाकण निवतं. रुमालासकट तीच वेळ अठ्ठावीस मिनिटांवर गेली.

चहा अर्थातच फुकट गेला.

याचा उपयोग काय, हा प्रश्न मला किमान पन्नास जणांनी विचारला. टाकाऊ उष्णतेवर खेडी उजळवण्याची स्वप्नं या यंत्राच्या नावावर अधूनमधून विकली जातात. त्यांना माझं उत्तर ते तीन मिलिवॅट. खरं काम स्टर्लिंग तापल्यावरच करतं. फिलिप्स कंपनीने १९३० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला ते पुन्हा हातात घेतलं ते वीज नसलेल्या मुलखात रेडिओ विकता यावेत म्हणून: आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणजे खरखर नाही. जनित्र तयार झालं, पण तोवर ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओला पेन्सिल सेल पुरू लागले. स्वीडनच्या गॉटलंड वर्गातल्या पाणबुड्या याच इंजिनावर पाण्याखाली दिवसेंदिवस मुक्या राहतात. आपल्या पाणबुड्यांसाठी अंबरनाथच्या नौदल प्रयोगशाळेने फ्युएल सेलची वेगळी वाट धरली आहे. न्यू मेक्सिकोत २००८ मध्ये आरशांच्या थाळीवर बसवलेल्या स्टर्लिंगने उन्हातली ३१.२५ टक्के ऊर्जा विजेत उतरवली. आणि चाक बाहेरून जबरदस्तीने फिरवलं की हेच यंत्र शीतक बनतं; अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्यांचे डोळे असल्याच छोट्या यंत्रांनी गार ठेवतात.

माझं यंत्र तळहाताच्या उबेवर चालत नाही. हिवाळ्यात पहाटे हात चोळून, गरम करून बघितला. चार फेरे, थांबलं. दहा-पंधरा अंशांतून ते काही उचलत नाही. बर्फावर मात्र चालतं. स्टीलच्या वाटीत बर्फ, वर यंत्र, आणि सीडी उलट्या दिशेने फिरू लागते, कारण आता तळ गार आणि झाकण गरम. शेजारची पाचवीतली मुलगी हे बघून म्हणाली, "काका, मग ते थंडीवर चालतं की गरमीवर?" मी तिला कप आणि वाटी शेजारी ठेवून दाखवली आणि गप्प बसलो. तिने थोडा वेळ विचार केला. "दोन्हीच्या मधल्यावर," ती म्हणाली.

मार्चमध्ये मिस्त्रीला घरी बोलावलं. तो येताना मुलाला घेऊन आला. टेबलाशी खुर्ची ओढून बसला, चहा घेतला, आणि दुसरा कप यंत्राखाली गेला तेव्हा काहीच बोलला नाही. चाक फिरू लागलं. त्याने करंगळीचं नख सीडीच्या कडेला टेकवलं, चाक थांबलं. काढलं, उलटीकडे ढकललं. ते अडखळलं, वळलं आणि आपल्या दिशेने पुन्हा फिरू लागलं. त्याने मुलाकडे बघितलं. मग डोळा झाकणाजवळ नेऊन, श्वास धरून, तो रॉड वर-खाली होताना बराच वेळ पाहत राहिला.

"डाव्या अंगाला घासतंय," तो म्हणाला.

"मला नाही दिसत."

"दिसायचं नाही. ऐका." आम्ही तिघांनी कान लावले. टप... टप, आणि दोन टपांच्या मधे, असलाच तर, कागदावरून नख फिरावं तसा आवाज.

"चहा निवला की काढून द्या तो बुश," मिस्त्री म्हणाला. "मशीनवर अजून एकदा धरतो."